व्होल्टेज कमी, तरी मोटार का जळते?

रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची घाई सगळ्यांना एकदमच असते. अशा वेळी शेतातल्या आखाड्यावरचा जुना पिवळा बल्ब मिणमिणायला लागला की जाणता माणूस आधी स्टार्टरकडे जातो आणि मोटार बंद करतो. "व्होल्टेज न्हाई, मोटार जळंल," एवढंच सांगतो. शेजारी उभ्या असलेल्या दहावीतल्या पोराला इथे प्रश्न पडायला हवा. पुस्तकात ओहमचा नियम आहे: व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. करंट कमी तर तापणंही कमी. बल्ब त्या नियमाप्रमाणे मंद झालाच. मग त्याच तारेवरची मोटार गार राहायची सोडून जळते कशी?

ज्याला हा प्रश्न नीट सुटला त्याला विजेचा धडा समजला, असं माझं मत आहे. सूत्रं पाठ असणं ही वेगळी गोष्ट. तेव्हा या प्रश्नापर्यंत जाऊ आणि वाटेत लागेल तेवढंच शिकू. पुस्तकात विद्युतधारा, विभवांतर आणि परिपथ म्हणतात. आपण वायरमनसारखं करंट, व्होल्टेज आणि सर्किट म्हणू. परीक्षेत मात्र पुस्तकातलेच शब्द लिहा.

तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेत अणूंपासून सुटे झालेले असंख्य इलेक्ट्रॉन आधीपासूनच असतात. सेल जोडला नसतानाही ते इकडेतिकडे फिरत असतात, पण सगळे मिळून कुठल्याच दिशेला जात नाहीत. सेल जोडला की त्यांना एका बाजूला रेटा मिळतो. तो रेटा म्हणजे व्होल्टेज, आणि रेट्यामुळे होणारी वाहतूक म्हणजे करंट. तारेच्या एखाद्या जागेवरून सेकंदाला साधारण 62 वर सतरा शून्यं इतके इलेक्ट्रॉन गेले की एक अँपिअर करंट झाला. संख्या प्रचंड, पण चाल गोगलगायीलाही हसवणारी. घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून पाच अँपिअर जात असतील, तर सेलच्या सर्किटमध्ये इलेक्ट्रॉन सेकंदाला पाव मिलिमीटर सरकतात. तासाला मीटरभरही नाही. घरातल्या एसी विजेत तर दिशा सेकंदाला शंभर वेळा पालटते, म्हणजे ते बिचारे जागच्या जागीच मागेपुढे होत राहतात. परळीच्या वीजकेंद्रातला इलेक्ट्रॉन तुमच्या पंख्यापर्यंत कधीच येत नाही. येते ती ऊर्जा.

हे सगळं व्हायला रस्ता पूर्ण लागतो. सेलच्या एका टोकाकडून निघालेली तार बल्बमधून फिरून दुसऱ्या टोकाला परत आली पाहिजे. बटणाचं काम एवढंच, की त्या फेऱ्यात एक फट पाडायची किंवा बुजवायची. साळुंकी तारेवर खुशाल बसते, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात आणि दोन पायांमध्ये व्होल्टेजचा फरक जवळपास नसतोच. माणसाची गोष्ट निराळी. डीपीवरचा, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) जमिनीत गाडलेला असतो आणि आपण उभे असतो त्याच जमिनीवर. फेजला, म्हणजे व्होल्टेज घेऊन येणाऱ्या तारेला, हात लागला की माती हीच परतीची तार होते. "मी तर एकाच तारेला हात लावला होता" असं म्हणणाऱ्याला शॉक बसतो तो यामुळे.

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही तीन एककं मुलं एकमेकांत कालवतात. त्यासाठी गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणा. टाकी जितकी उंच तितका खाली पाण्याला दाब: हे व्होल्टेज. नळातून मिनिटाला किती पाणी पडतं तो करंट. पाइप बारीक असेल, लांब असेल, आत क्षार धरला असेल तर पाण्याला अडथळा होतो: हा रोध, म्हणजे ओहममध्ये मोजतात तो. टाकी भरलेली असूनही तोटी बंद असली तर पाणी वाहत नाही. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये काहीच लावलेलं नसतं तेव्हाही 230 व्होल्ट तिथे हजर असतात, करंट मात्र शून्य असतो. बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो त्याचं कारणही हेच, की पाइप आधीच भरलेला असतो. टाकीकडून नवं पाणी यायची वाट बघावी लागत नाही. ही तुलना इथवरच चालते. पाइप कापला तर पाणी सांडत राहतं, तार कापली तर करंट सांडत नाही, थांबतो.

आता ओहम. जॉर्ज ओहम जर्मनीतल्या कोलोन शहरात शाळामास्तर होता. बाप कुलपं बनवणारा, त्यामुळे पोराच्या हातात कसब होतं. प्रयोगाची उपकरणं तो स्वतःच करायचा. त्या काळच्या सेलची एक खोड होती: मापन चालू असतानाच त्यांचं व्होल्टेज घसरायचं. आपल्याकडच्या फीडरचं (सबस्टेशनवरून गावाला येणाऱ्या लाइनचं) दुखणं त्यालाही होतं म्हणा. मग त्याने सेल बाजूला ठेवले, दोन वेगळ्या धातूंचे सांधे केले, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात धरला. त्यातून थोडंच, पण न हलणारं व्होल्टेज मिळालं. त्यावर मोजून त्याने जे 1827 मध्ये पुस्तकरूपाने मांडलं, ते असं: तापमान तेच राहिलं तर करंट व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध.

साठ वॅटचा जुना बल्ब घ्या. 230 व्होल्टला तो सुमारे 0.26 अँपिअर घेतो, म्हणजे रोध साधारण 880 ओहम. आता तोच बल्ब गार असताना मल्टिमीटरने मोजला तर त्याच्या काही हिस्साच, शंभराच्याही आत आकडा येतो. पोरं म्हणतात मीटर खराब आहे. मीटर चांगलं असतं. टंगस्टनची तार पेटल्यावर दोन हजार अंशांच्या वर जाते आणि तापली की तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. "तापमान तेच राहिलं तर" ही अट मुलं उत्तरपत्रिकेत हमखास विसरतात. ती उगाच घातलेली नाही.

बल्ब दोन तऱ्हांनी जोडता येतात. एकसर, म्हणजे सिरीज: एकातून निघालेला करंट दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. करंट सगळ्यांतून तोच, व्होल्टेज मात्र वाटून घ्यायचं. गणपतीपुढच्या जुन्या तोरणात तीस-चाळीस बारके बल्ब असे जोडलेले असतात. प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात व्होल्ट येतात, म्हणून इवलासा बल्ब 230 व्होल्टवर तगतो. आणि म्हणूनच एक गेला की अख्खी माळ जाते. समांतर, म्हणजे पॅरलल जोडणीत प्रत्येकाला स्वतंत्र फाटा असतो, व्होल्टेज सगळ्यांना पूर्ण मिळतं, करंटची बेरीज होते. घरातली सगळी उपकरणं अशीच जोडलेली असतात, म्हणून न्हाणीघरातला दिवा गेला तरी स्वयंपाकघरातला पंखा फिरत राहतो.

सिरीज जोडणी म्हणजे फक्त तोरण, असं समजू नका. मोटारी भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात जाऊन उभं राहा. भिंतीवर एक लाकडी बोर्ड असतो, त्यावर होल्डरमध्ये शंभर किंवा दोनशे वॅटचा पिवळा बल्ब आणि खाली दोन लोंबत्या तारा. नव्याने भरलेली मोटार मिस्तरी थेट लाइनला लावत नाही. आधी या बल्बच्या सिरीजमध्ये लावतो. बल्ब अजिबात लागला नाही तर वायंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तांब्याची तार, कुठेतरी तुटलंय. मंद लागला तर ठीक, मोटारीने आपल्या वाट्याचं व्होल्टेज घेतलं. बल्ब फुल लागला तर आत शॉर्ट आहे: मोटारीचा अडथळाच उरला नाही, सगळं व्होल्टेज बल्बवर आलं. बल्ब मध्ये असल्यामुळे करंट अर्ध्या-एक अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे शॉर्ट निघाला तरी ठिणगी उडत नाही. परीक्षेत "एकसर जोडणीचा एक उपयोग लिहा" आलं तर हे लिहा. तोरणापेक्षा बरं आहे.

व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट, म्हणजे सेकंदाला किती ऊर्जा खर्च होते ते. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. आणि तार किती तापते ते ठरतं करंटचा वर्ग गुणिले रोध यावरून. हा वर्ग लक्षात ठेवा. करंट दुप्पट झाला की तापणं चौपट होतं. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

परळीत कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. वाफेने चाक मिनिटाला 3,000 फेरे फिरतं, म्हणजे सेकंदाला 50, आणि आपल्या विजेची 50 हर्ट्‌झ वारंवारता तिथूनच येते. कोळसा असूनही पाणी नसलं तर हे चाक थांबतं; 2013 च्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे, तिथे वाफेऐवजी पडतं पाणी चाक फिरवतं. पण वीज कुठेही तयार होवो, ती गावापर्यंत आणायची कशी हा प्रश्न मोठा असतो.

समजा एका वस्तीला शंभर किलोवॅट वीज हवी आहे. 230 व्होल्टनेच लांबून पाठवायची म्हटली तर तारेतून सुमारे 435 अँपिअर न्यावे लागतील. तीच वीज 11,000 व्होल्टने पाठवली तर नऊ-सव्वानऊ अँपिअरमध्ये काम होतं. करंट जवळपास 48 पट कमी. आणि तापण्यात वर्ग येतो, त्यामुळे त्याच तारेत वाया जाणारी वीज सुमारे 2,300 पट कमी. (एसी आणि तीन फेजांचा खरा हिशेब जरा वेगळा, पण मुद्दा हाच.) यासाठीच लांबच्या टॉवरवर लाखो व्होल्ट असतात, सबस्टेशनला ते 33,000 आणि मग 11,000 होतात, आणि गावाच्या कडेला खांबांवर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, ज्याला आपण सगळे डीपी म्हणतो, दोन फेजांमध्ये 415 आणि एक फेज व न्यूट्रल यांच्यात 230 च्या आसपास उतरतात.

खरी गडबड डीपीच्या पुढे सुरू होते, कारण तिथून व्होल्टेज कमी असतं आणि करंट जास्त. डीपीपासून शेवटच्या बोअरपर्यंतच्या तारेचा रोध जाऊन-येऊन 2 ओहम धरा. त्या बोअरवर सिंगल फेजची दीड एचपीची मोटार आहे आणि ती 10 अँपिअर घेते. ओहमचाच नियम तारेला लावा: 10 गुणिले 2, वीस व्होल्ट तारेतच संपले. मोटारीला मिळाले 210. त्याच तारेवर टोकाला अजून दोघांनी मोटारी जोडल्या तर तीस अँपिअर, साठ व्होल्ट खलास. डीपीशेजारच्या शेतात 230 आणि टोकाच्या शेतात 170, तेही एकाच डीपीवर. टोकाचा शेतकरी नेहमी तक्रार करतो आणि डीपीजवळचा म्हणतो, "आमच्याकडं तर भारी चालतंय." दोघेही खरं बोलत असतात.

आता तो पहिला प्रश्न. 170 व्होल्टला बल्ब मंद होतो, कारण त्याची तार म्हणजे नुसता रोध. रेटा कमी, करंट कमी. मोटार म्हणजे नुसता रोध नसतो. तिच्या वायंडिंगचा स्वतःचा रोध काही ओहमच असतो. फक्त त्याच्या हिशेबाने बघितलं तर मोटारीतून पन्नास-शंभर अँपिअर जायला हवेत. प्रत्यक्षात दहाच जातात, कारण फिरती मोटार जनित्रासारखंही वागते. ती आतल्या आत उलट व्होल्टेज तयार करते आणि ते येणाऱ्या व्होल्टेजला अडवतं. उरलेला थोडा फरकच करंट ढकलतो.

आणि मोटारीच्या माथ्यावर काम ठरलेलं असतं. दोनशे फुटांवरून पाणी वर आणायचं आहे, त्याला लागते तेवढी शक्ती लागणारच. पंपाचा वेग व्होल्टेजबरोबर फारसा उतरत नाही, कारण तो मुख्यतः 50 हर्ट्‌झवर ठरतो. म्हणजे वॅट तेवढेच हवेत आणि व्होल्टेज 230 चं 170 झालं. वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. एक आकडा उतरला तर दुसऱ्याला चढावंच लागतं. ढोबळ हिशेबाने 10 अँपिअरचे साडेतेरा होतात. वायंडिंगचं तापणं वर्गाने वाढतं: सुमारे 1.8 पट. तारेवरचं वार्निश एवढी उष्णता फार वेळ सोसत नाही. ते जळतं, शेजारचे वेढे एकमेकांना टेकतात, शॉर्ट होतो. मोटार खोलली की आतलं तांबं काळं पडलेलं आणि जळक्या वार्निशचा तो उग्र वास. ज्याच्या घरी मोटार जळली आहे त्याला तो वास सांगावा लागत नाही.

म्हणजे ओहमचा नियम खोटा ठरला का? नाही. वायंडिंगच्या तांब्याला तो लागू आहेच. आपण मोटारीला बल्ब समजलो, एवढंच.

सुरू होताना तर परिस्थिती अजून बिकट असते. थांबलेली मोटार उलट व्होल्टेज तयार करू शकत नाही, त्यामुळे पहिले एक-दोन सेकंद ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. शिवाय मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो: 170 व्होल्टला तो निम्म्याच्या थोडाच वर राहतो. तेवढ्या जोरात पंप उचलला गेला नाही तर मोटार नुसती घुमत उभी राहते, सुरुवातीचाच करंट ओढत राहते आणि काही मिनिटांत कारभार आटोपतो. थ्री फेज मोटारीचा एक फेज गेला तरी तीच गत होते. ती घुमणारी घरघर ऐकू आली की आधी बटण दाबून मोटार बंद करायची, चौकशी नंतर.

म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना स्टार्टरचा ऑटोस्विच (लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारा) काढा आणि कपॅसिटर बसवा असं सांगत असतं. रात्री उठायला नको म्हणून लोक ऑटो लावून ठेवतात, हे समजण्यासारखं आहे. थंडीत मध्यरात्री, विंचूकाट्यातून शेतात जायला कोणाला आवडतं? पण लाइट आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी पाच-सहा पट करंट मागतात, व्होल्टेज कोसळतं, एकही मोटार धड उचलत नाही आणि डीपीचा फ्यूज उडतो. कपॅसिटरचं काम जरा बारीक आहे. मोटारीला आपलं चुंबकत्व उभं करायला करंटचा एक हिस्सा लागतो. तो काम करत नाही, नुसती ये-जा करतो, पण ये-जा करताना तार तापवतो आणि व्होल्टेज खातो. कपॅसिटर तो हिस्सा मोटारीजवळच पुरवतो, म्हणून डीपीपासूनच्या तारेवरचा बोजा हलका होतो.

फ्यूजबद्दल लांबण लावत नाही. ठरलेल्या करंटला वितळावी म्हणून ती तार मुद्दाम बारीक ठेवलेली असते. सारखी उडते म्हणून तिथे जाड तार गुंडाळणारा माणूस पुढच्या वेळी फ्यूजऐवजी मोटार किंवा ट्रान्सफॉर्मर वितळवतो.

अर्थिंगवर मात्र थांबायला हवं, कारण इथे आपल्या जमिनीचा संबंध येतो. कूलरच्या किंवा मोटारीच्या लोखंडी अंगाला आतून फेज टेकला तर तो करंट आपल्याऐवजी मातीत जावा, म्हणून अंगापासून जमिनीत तार नेलेली असते. तीन पिनांच्या प्लगमधली जाड आणि लांब पिन तीच. लांब एवढ्यासाठी, की ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी. पण मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर आहे, आणि कोरडा खडक वीज वाहून न्यायला अगदीच निरुपयोगी. खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरतात तो ओल धरून ठेवण्यासाठी. उन्हाळ्यात वरून पाणीही ओतावं लागतं. समजा मे महिन्यात तो खड्डा वाळून अर्थिंगचा रोध 20 ओहम झाला. फेज अंगाला टेकला तर करंट जाईल 230 भागिले 20, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा फ्यूज तेवढ्याला उडत नाही. कूलरचं अंग तसंच जिवंत राहतं, आणि ओल्या हाताच्या माणसाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरलेला असू शकतो: त्याच्यातून 0.23 अँपिअर. हृदयाची लय बिघडायला 0.1 अँपिअरही पुरतो. यावर उपाय म्हणजे बोर्डात बसवायचा आरसीसीबी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत 0.03 अँपिअरचा फरक दिसला की तो क्षणात लाइन तोडतो. अर्थिंग सुकलेलं असलं तरी तो आपलं काम करतो, त्यामुळे नव्या घरात टाइल्स थोड्या स्वस्त घ्या, पण हा बसवा.

प्रयोग करायचे ते दीड व्होल्टच्या सेलवरच करा. घरच्या लाइनवर करता येण्यासारखा एकच आहे, कारण त्यात हात कुठेच लावायचा नाही, नुसतं बघायचं. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळ एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ते 3,200 असतं. घरातलं सगळं बंद करून फक्त हजार वॅटची इस्त्री लावली तर मिनिटाला साधारण 53 वेळा दिवा लुकलुकेल. नऊ वॅटच्या एलईडीला एका लुकलुकीसाठी दोन मिनिटं थांबावं लागेल. आता फक्त पंखा लावा, दहा मिनिटांतल्या लुकलुकी मोजा आणि पंख्याचे वॅट काढा. नंतर सगळी बटणं बंद करून बघा. तरीही दिवा लुकलुकत असेल तर टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सच्या पिना अजून सॉकेटमध्येच आहेत का, ते पाहा.